मधली केबिन

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. माणिकपूरच्या आमच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. कुणाच्या तरी ओळखीने ते एकदा वसईहून बोरिवलीपर्यंत केबिनमध्ये उभे राहून गेले. तेव्हापासून सोसायटीच्या सभेत विषय पाण्याच्या टाकीचा असो की पार्किंगचा, समोरून रूळ कसे दिसतात हे ते सांगतातच. दारावर 'आत येण्यास मनाई आहे' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि ते आपल्याला सोडून बाकीच्यांसाठी आहे असं वाटणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मी शाळेत शिकवते. नियम मोडणाऱ्याला दुरून ओळखायची सवय हाडात मुरलेली आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे काही महिने मी स्वतः केबिनमध्ये बसून शाळेला गेले.

माझी शाळा भिवंडीत. वसई रोडवरून दिव्याकडे मेमू जाते, तिने मी जाते-येते. या मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की हजेरी गेलीच म्हणायची. आमची सकाळची गाडी म्हणजे दोन छोट्या गाड्या जोडून केलेली एक मोठी. त्यामुळे पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे गार्डची, आणि जिथे जोड आहे तिथे मधोमध एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन रिकाम्या केबिनी. या मधल्या केबिनींत कुणी नसतं. दारं बंद असतात. पण त्यातल्या एका दाराची खिट्टी नीट बसत नव्हती; खांद्याने जोर दिला की दार उघडायचं. रोजच्या प्रवाशांना हे ठाऊक होतं, पण कुणाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. आत एक कडक खुर्ची, पंखा नाही, तेलाचा वास. कॉलेजची पोरं कधीतरी आत शिरून फोटो काढायची आणि पुढच्या स्टेशनला उतरून जायची.

त्या पावसाळ्यात आमच्या बायकांच्या डब्यात एक नवी मुलगी दिसायला लागली. तुळिंजहून यायची. भिवंडीजवळच्या एका गोदामात बिलं बनवायचं काम, तेही कंत्राटी. बाळ तिसऱ्या महिन्यात असतानाच तिला कामावर यावं लागलं होतं. बाळ दिवस पुरे व्हायच्या आधी आलेलं, वजनाला कमी. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. सकाळी पाजून ती निघायची, बाळ सासूकडे. दिवसभराचं दूध काढून बाटलीतून घरी न्यायचं असं तिने ठरवलं होतं. पण गोदामात हमालांना आणि ऑफिसला मिळून एकच संडास. आत जाऊन कडी लावली की कुणीतरी दार वाजवायचंच. म्हणून ती जाताना आणि येताना गाडीत दूध काढायला बघत होती.

बायकांच्या डब्यात बायकाच असतात, म्हणून तिथे हे सोपं जाईल असं पुरुषांना वाटेल. ती ओढणीखाली हातपंप धरून बसायची. पंप चिवचिवायचा. समोरची एक बाई वाचत असलेलं सोडून तिच्याकडे बघत राहायची. दुसरीने एकदा सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं विचारलं, "किती निघतं गं एका वेळी?" तिसरीला सल्ला द्यायचा होता. मुलीच्या कपाळावर घाम, बाटली कोरडी. नळ फिरवला आणि पाणी आलं असं हे नसतं. मन थाऱ्यावर नसेल तर पान्हा फुटत नाही.

जूचंद्रला एक मावशी चढायची. भिवंडीच्या बाजाराला भाजी न्यायची, टोपली दाराशी ठेवून तिच्याच कडेला टेकायची. हे सगळं तिने दोन-तीन दिवस मुकाट्याने पाहिलं आणि मग एका सकाळी मुलीच्या दंडाला धरून उठवलं.

"चल पोरी. ती मधली खोली रिकामीच जाते. तिथं बस. कोन बघनार हाय?"

मी म्हटलं, "मावशी, ते बेकायदेशीर आहे."

"तुमी मास्तरीन ना? मग तुमी दाराशी बसा. म्हंजे कायद्याचं काम झालं."

कामण रोडला आम्ही तिघी उतरलो आणि धावत जाऊन मधल्या केबिनमध्ये चढलो. मी तिच्याकडे पाठ करून दाराला पाय लावून बसले. त्या दिवशी भिवंडी यायच्या आत बाटली अर्धी भरली. मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. तेव्हापासून ती जागा आमची झाली. मी आणि मुलगी वसईलाच तिथे चढायचो, मावशी जूचंद्रला. संध्याकाळी परतीच्या गाडीतही तेच. समोरच्या केबिनकडच्या काचेवर मावशीचं जुनं लुगडं अडकवून आम्ही पडदा केला होता.

दूध काढून झालं की बाटली मावशीच्या हातात तपासणीला जायची. उजेडाकडे धरून ती निकाल सांगायची. "आज कमी हाय. काल काय खाल्लंस?" मग टोपलीतून शेपूची जुडी निघायची आणि मुलीच्या पिशवीत जायची. पैसे द्यायला गेलं की शिव्या. मी वर्गात मुलांचे गुण सांगते त्यापेक्षा ही बया जास्त कडक होती. बाळाचं वजन केलं की फोटो मोबाइलवर यायचा. आधी ज्याच्या पायांना नुसती कातडी होती, त्याच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या. मला सकाळी लवकर उठायचा कंटाळा कमी झाला, हे कबूल केलं पाहिजे.

तरी माझ्यातली शिक्षिका गप्प बसत नव्हती. इथल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, असा नियम मीच केला. नियम मोडून आत शिरलेल्या माणसाने आत बसून नियम करावेत यात काही गंमत आहे, हे मला तेव्हा जाणवलं नाही. मावशी म्हणायची, "समदं मेलेलं हाय बाई इथलं. इथून काय गाडी चालते?" आणि ते आम्हा तिघींना पटलेलं होतं. काटे जागच्या जागी थरथरायचे, बाकी काही हलत नव्हतं. जिथे ड्रायव्हर बसत नाही तिथलं काहीच चालत नसणार, असा आमचा सरळ हिशेब.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी टोपलीभर झेंडू घेऊन चढली. इतर डब्यांत तोरणं लागलीच होती. "ज्या यंत्रात रोज बसतो त्याला हळदकुंकू नको?" तिचं म्हणणं रास्त होतं. मीही पर्समधून कुंकवाची डबी काढली. काट्यांच्या काचांना बोटं लागली, खुर्चीला फूल लागलं. मुलगी कोपऱ्यात आपल्या कामात होती, सूचना देत होती. तोरण बांधायला मावशीला एकच जागा पसंत पडली, तो भिंतीवरचा लाल दांडा. दोरा सैल राहिला म्हणून तिने गाठ आवळताना दांडा खाली ओढला.

फस्स करून हवा सुटली, थांबेचना. आम्ही पुढे फेकलो गेलो. चाकं करकरली आणि गाडी कामणच्या पुढे, भाताच्या शेतांच्या मधोमध उभी राहिली. मुलीने बाटली डोक्याच्या वर धरली होती. थेंब सांडला नव्हता.

थोड्या वेळाने खडीवरून पावलं वाजली. दार ढकलून गार्ड वर चढले. पन्नाशीचे, घामाघूम. त्यांनी झेंडू पाहिला, कुंकू पाहिलं, मग मुलीकडे नजर गेली आणि ते ताबडतोब शेतांकडे तोंड करून उभे राहिले.

"आवरून घ्या, ताई. मी इकडे बघतोय."

मग तसेच पाठमोरे बोलत राहिले. आवाज चढवला नाही. मधल्या केबिनमधून गाडी चालवता येत नाही हे खरं, पण थांबवता येते. तो दांडा कुठूनही ओढला तरी गाडी थांबलीच पाहिजे, म्हणून तो सगळ्या केबिनींत जिवंत ठेवतात. "आपल्या मागे मालगाडी येतेय. तिला लाल सिग्नल मिळाला, ती उभी राहिली. पण अशी मध्येच गाडी उभी करणं हा खेळ नाही."

मावशीने दोन्ही हात जोडले, पण गार्डांना नाही, त्या दांड्याला. गार्डांनी तोरण तोडलं नाही. गाठ सोडवून तिच्या हातात दिलं आणि दांडा वर केला. आमची नावं विचारली नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "दार लागत नाही हे आता कळवावं लागेल. माझा इलाज नाही."

दसरा उलटला आणि दाराला नवं कुलूप आलं. मी खांदा लावून पाहिला. हललं नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. मागच्या मालगाडीचा विचार मी बऱ्याच रात्री केला होता. ते कुलूप योग्य होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मुलगीसुद्धा म्हणाली, "बरोबरच आहे ना, बाई." आणि पिशवी खांद्याला लावून बायकांच्या डब्याकडे चालायला लागली.

मी तरीही स्टेशनवरच्या साहेबांना जाऊन भेटले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. सकाळ-संध्याकाळ तेवढ्यापुरतं दार उघडून द्याल का, आत कुणी कशाला हात लावणार नाही, मी जबाबदारी घेते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "बाई, आज तुम्हाला उघडून दिलं तर उद्या कुणाला नाही म्हणू?" शाळेत प्रवेशाच्या वेळी गयावया करणाऱ्या आईवडिलांना मी वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकवत आले आहे. मी आभार मानून बाहेर आले आणि मला रडू आलं, साहेबांचा राग येत नव्हता म्हणून जास्तच.

मग आम्ही बायकांच्या डब्यात ओढणी ताणून धरायला लागलो, एक टोक मी, एक मावशी. बायका चांगल्या होत्या. हळूहळू कुणी बघेनासंही झालं, पण गर्दीत कुणाचा तरी धक्का लागायचा, ओढणी सुटायची, मुलगी अंग चोरून घ्यायची. बाटलीच्या तळाला जेमतेम दूध लागायचं. गोदामातल्या मॅनेजरला तिने कोपरा मागून पाहिला. तो म्हणाला, बघू. मावशीने अळिवाचे लाडू आणले, शतावरी आणली. "आज दमले असेन," मुलगी म्हणायची. "उद्या येईल." मावशी आता बाटली उजेडाकडे धरत नव्हती. बाटली मागतच नव्हती. एका सोमवारी मुलीने सांगितलं की सासूने पावडरचा डबा आणला आहे, नुसता घरात असावा म्हणून.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. परतीच्या गाडीत भिवंडीलाच एक बाई तान्हं मूल घेऊन आमच्या समोर येऊन बसली. गाडी सुटली आणि ते मूल भुकेने रडायला लागलं. लालबुंद होऊन, मुठी आवळून. अंगावर पाजणाऱ्या बाईला हे रडणं ऐकून बसवत नाही. मूल कुणाचं का असेना, तिच्या छातीला ते कळतं आणि ब्लाउज ओला होतो. मला माझ्या दोन्ही बाळंतपणांत हे झालं आहे, भर बाजारात झालं आहे. मावशीलाही ठाऊक होतं. आम्ही दोघींनी एकदमच मुलीकडे पाहिलं.

तिने सवयीने ओढणी पुढे ओढून छातीवर दाबली होती. मूल रडतच होतं. थोड्या वेळाने तिने ओढणी बाजूला केली, मान खाली घालून पाहिलं, हात लावून पाहिलं. कुर्ता कोरडा होता.

"मावशी," ती म्हणाली, "आटलं."

समोरच्या बाईने मुलाला पदराखाली घेतलं. ते पचपच आवाज करत पिऊ लागलं आणि डब्यात शांतता झाली.

"माज्या हातानं झालं गो," मावशी म्हणाली. मुलीने नाही म्हणून मान हलवली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. जूचंद्र आलं. रिकामी टोपली दाराशी तशीच पडली होती. मी म्हटलं, मावशी, तुमचं स्टेशन. तिने ऐकलं नाही. गाडी सुटली, वसईकडे निघाली, आणि तिचा हात तिथेच होता.