आबांनी ढकललेली गाडी

काल पोरानं अंगणात मोटारसायकलचं कार्बोरेटर उघडलं आणि पेट्रोलचा वास घरात शिरला. मला एकदम आखाडा बाळापूरजवळचा, वाहतुकीला अजून न उघडलेला तो नवा रस्ता आठवला.

मी तेव्हा आयटीआयमध्ये होतो. मोटारसायकलचं इंजिन, स्कूटरची चाकं आणि धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा जोडून मी लांब, बुटकी शर्यतीची गाडी बनवली होती. जिल्ह्यात हिच्याइतक्या जोरात कुठलीच गाडी पळणार नाही, असं गावभर सांगून बसलो होतो. सगळे बघायला आले, आणि गाडी सुरूच होईना.

"बैलं जुंपा रे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तेवढ्यात गर्दीतून माझे वडील, आबा, पुढं आले. शेतातून तसेच आलेले, धोतर वर खोचलेलं. वाकून गाडी ढकलू लागले. लोक आणखीच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, तुमी घरी जा ना. लोक हसून राहिले."

"हसू दे. तू गेर टाक."

इंजिन फटफटलं आणि गाडी सुटली. पत्रा थरथरत होता, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. वळून परत आलो तर आबा रस्त्यावर बसलेले. गाडी सुटताना ते तोंडावर पडले होते. गुडघे सोलले होते, धोतर फाटलं होतं.

"कशी पळाली रे? धुरात मला दिसलीच न्हाई," ते हसत म्हणाले.

सगळे बघत होते. "आधी घरी चला," मी दबक्या आवाजात म्हणालो.

आज ते आठवलं की मान वर होत नाही. आबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि गाडी कशी पळाली ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.