शनिवारी न घेतलेला चाकू

फोन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आला, तेव्हा मी आठवी 'ब'ला समीकरणं शिकवत होते. दादा गेला. बोरिवलीच्या नर्सरीत सकाळी रोपांना पाणी घालताना छातीत कळ आली, आणि बाकीचे धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी दहिसरला दादाच्या चाळीत पोहोचले तेव्हा त्याच्या खिशातल्या वस्तू कुणीतरी वर्तमानपत्रावर काढून ठेवल्या होत्या. बसचा पास, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी आणि एक चाकू. पत्र्याच्या मुठीचा, फुटपाथवर सात रुपयांना मिळतो तो. पातं डुगडुगतं म्हणून मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. खरं सांगते, तो चाकू बघून रडू येण्याआधी मला राग आला. मेल्यावरही हाच का रे तुझ्याजवळ...

आज सहा आठवडे झाले. राग गेला, त्याच्या जागी थकवा आला आहे. चार माणसांना सांगावं असं दादाने काही केलं नाही, तरी लिहायला बसले आहे, कारण त्या चाकूबद्दल मी त्याला जे बोलले ते कुठेतरी ठेवून द्यायला हवं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. गावाहून आला तो थेट गिरणीत लागला, आणि मला शिकवलं ते त्याच्याच पगारावर. मी बी.एस्सी. झाले, तेव्हा त्याने साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, सगळ्यांना पेढे वाटले होते. मग संप झाला. वर्षभर तो घरात बसून राहिला, गिरणी पुन्हा सुरू होईल या आशेवर. झाली नाही. शेवटी आमच्या वडिलांनी लहानपणी शिकवलेली एकच विद्या कामी आली, कलमं बांधण्याची. बोरिवलीला हायवेच्या बाजूला एक नर्सरी होती, तिथे तो लागला. आंबा, चिकू, गुलाब. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस पोरासोरांबरोबर मातीत बसायचा, पण 'माका बरा वाटता, बाय,' म्हणायचा. गिरणीचा आवाज कानातून जायला दोन वर्षं लागली, असंही एकदा म्हणाला होता.

कलमाच्या कामात चाकू म्हणजे सर्वस्व, हे मला त्याच्याकडूनच कळलं. काडीला तिरका काप द्यायचा तो एका ओढीत, सरळ, आरशासारखा. पातं बोथट असलं किंवा हललं की काप दबतो, साल चेंगरते आणि कलम धरत नाही. सात रुपयांच्या चाकूची धार दुपारपर्यंत टिकायची आणि चाकू दीड महिना. घाटकोपरला स्टेशनजवळच्या गल्लीत कात्र्या-सुऱ्यांचं एक जुनं दुकान होतं. तिथल्या काचेच्या पेटीत त्याला 'तो' दिसला. मिटता चाकू, लोहाराने हाताने ठोकून घडवलेला, मूठ शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ. किंमत एकशे दहा रुपये. त्या पैशांत वहिनीचा महिन्याचा किराणा यायचा.

नर्सरीत रविवारी गिऱ्हाइकं येत, म्हणून दादाला सुट्टी शनिवारची. आणि शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आई खिळासुद्धा आणू द्यायची नाही. त्यामुळे झालं असं की, दादा महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी घाटकोपरला जायचा, चाकू मागून घ्यायचा, उघडायचा, मिटायचा, अंगठ्याने धार बघायचा आणि परत द्यायचा. दुकानदार त्याला 'शनिवारवाले काका' म्हणायला लागला. तिथून माझ्याकडे मुलुंडला जेवायला. मी दार उघडताच विचारायचे,

"घेतलास?"

"आज शनवार मां!"

"मग दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी सुट्टी काढ ना रे."

"काढूया," म्हणायचा आणि पाटावर बसायचा.

जेवता जेवता आमची चर्चा चालायची. एवढे पैसे घालून जुन्या पद्धतीचा चाकू घेणं परवडतं का? मी गणिताची बाई. रद्दीच्या कागदावर मांडून दाखवलं की, दोन वर्षांत महागच स्वस्त पडेल. तो म्हणायचा, "दोन वर्षां माझी नोकरी रवात तर." मी म्हणायचे, चांगली वस्तू जन्माची सोबत करते. तो म्हणायचा, हरवली तर? चोरीला गेली तर? झडतीत पोलिसांनी पकडलं तर, गुंडाकडे असतो तसला चाकू म्हणून? ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हसू यायचं. "तुम्ही दोघं दिल्लीला असतात तर सरकार पडलं असतं," म्हणायचे. तीन वर्षं हे असं चाललं. मला वाटतं, त्या जेवणांइतकं सुख मला माहेराचं म्हणून दुसरं मिळालं नाही.

तिसऱ्या वर्षी तो तक्रारी फार करायला लागला. या पावसाळ्यात निम्मी कलमं धरली नाहीत, चाकूच वाईट, मालक कुरकुरतो. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" एरवी तो यावर मोठ्याने हसला असता. त्या दिवशी त्याने ताकाची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मी दुसरा भात आणायला आत गेले.

मग गेल्या मे महिन्यातला तो सोमवार. मालकाच्या मुलीचं लग्न, म्हणून नर्सरी बंद. माझ्या शाळेला सुट्टी. दादा माझ्याकडे आला होता. मी त्याला हाताला धरूनच उठवलं. म्हटलं, आज शनिवार नाही, चल. त्याच्याजवळ पैसे होते हेही मला माहीत होतं, वहिनीनेच जमवून दिले होते. आम्ही घाटकोपरला उतरलो. दुकानदाराने त्याला बघून कपाळाला हात लावला.

"काय काका, आज सोमवारी? तब्येत बरी आहे ना?"

चाकू काढून त्याच्यासमोर ठेवला. दादाच्या शर्टाच्या खिशात आंब्याची काडी नेहमीच असायची, धार बघायला. त्याने काडी डाव्या हातात धरली, काप दिला आणि बघत राहिला. मी चाकूकडे बघत होते. काय सुंदर वस्तू होती! शिंगावरच्या पिवळसर रेघांवर उजेड पडला होता आणि मला वाटत होतं, चला, एकदाचं घडलं. दादाने चाकू पुसला, मिटला, काचेवर ठेवला.

"नको," म्हणाला.

"नको म्हणजे?"

"नको, बाय. माका नको."

त्याने काडी तिथेच टाकली. दुकानात कचरा नको म्हणून मी ती उचलून पर्समध्ये टाकली आणि बाहेर येऊन त्याच्यावर तुटून पडले. भर रस्त्यात, केळीवाल्यासमोर. म्हटलं, "तुझ्यात धमकच नाही. संपातही असाच बसलास, ना दुसरं काम बघितलंस ना गावाला गेलास. सगळा जन्म तू दुसऱ्याच्या दुकानात उभा राहून बघण्यात घालवलास." हे मी म्हटलं. ज्याच्या पगारावर शिकले त्याला म्हटलं. त्याने मान हलवली, जणू मी बसचा नंबर सांगितला होता. मग माझ्यासाठी अर्धा डझन केळी घेतली, पिशवीत घातली आणि म्हणाला, "जा तू. ऊन वाढता."

त्यानंतर तो मुलुंडला दोनदाच आला. चाकूचा विषय मी काढला नाही, त्याने काढला नाही. जेवणं लवकर आटपायची.

तेराव्याला गर्दी पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. पत्र्याचा चाकू तिने माझ्यासमोर लादीवर ठेवला. हातात दिला नाही. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं म्हणतात. भांडण तर होऊन गेलं होतं...

"हा तुम्ही न्या, वन्सं. मला बघवत नाही."

मी विचारलंच. "वहिनी, तो दुसरा त्याने का घेतला नाही गं? पैसे तर होते."

तिने चाकू माझ्याकडे थोडा आणखी सरकवला. मग म्हणाली, "पहिल्यांदा पैसे नव्हते. पैसे जमले तोवर ह्यांचा हात थरथरायला लागला. उजवा. बटणं मीच लावायची. कुणाला सांगू नको म्हणाले, तुम्हालाही नाही. हा चाकू होता तोवर मालकाला सांगता येत होतं, चाकू वाईट आहे म्हणून. चांगला घेतला असता तर काय सांगायचं? त्या सोमवारी घाटकोपरहून घरी आले तेव्हा म्हणाले, चाकू झकास आहे गं. माझाच काप वाकडा गेला."

घरी येऊन मी पर्स उलटी केली. काडी होती, तळाशी, खडूच्या भुग्यात. वाळून काळपट झालेली. काप मात्र स्पष्ट दिसत होता. मधोमध दोनदा हललेला, नागमोडी. दादा माझ्यासमोर तो काप बघत उभा होता आणि मी शिंगाच्या मुठीवरचा उजेड बघत होते. आठवीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, उत्तर चुकलं तर आधी नीट मांडलंय का बघा. माझं गणित बरोबर होतं. महाग चाकू घेणं परवडलं असतं, अजूनही माझं तेच मत आहे. फक्त दादाला काय परवडत नव्हतं, ते मी मांडलंच नव्हतं.

ती काडी देवघराच्या खणात आहे. चाकू स्वयंपाकघरात ठेवला आहे, रोजच्या वापराला. परवा ह्यांना पेरू कापून दिला. फोडी लहानमोठ्या झाल्या, एक तर पार चेंगरली. हे म्हणाले, "अगं, काय हे! हात कुठे आहे तुझा?"

"हात ठीक आहे," मी म्हटलं. "चाकूच वाईट आहे."

"मग नवा आणू. उद्या घाटकोपरला जाणारच आहे मी."

उद्या शनिवार होता. मी म्हटलं, नको. हाच असू दे.