डेअरीचा भोंगा आणि बापूचं स्थळ

आमच्या डेअरीतले किस्से लिहून ठेवावेत म्हटलं, तर एक लिहीपर्यंत दुसरा घडतो! पारनेर तालुक्यातलं गाव. दूध घालायला सगळे डेअरीवरच, त्यामुळे कुणाचं काही झाकून राहत नाही. तिथला सेक्रेटरी बापू माझा वर्गमित्र. लग्न जमेना म्हणून बिचारा रडकुंडीला आलेला.

डेअरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली. त्याचा आवाज दोन ठिकाणी जायचा, छतावरच्या भोंग्याला नाहीतर बापूच्या ब्लूटूथ हेडफोनला. पण बापूनं हेडफोनसाठी आवाज कमी केला, की पुढची सूचना भोंग्यातून कुजबुजत यायची! म्हणून मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम लिहिला. ज्याचा त्याचा व्हॉल्यूम वेगळा. हेडफोन बारीक, भोंगा फुल्ल.

चेअरमन अण्णांची एकच अट. "हेडफोन बंद झाला की आवाज थेट भोंग्याला गेला पायजे. गावाची सूचना अडकाया नगं!" घातली तीही ओळ.

भर दुपारी चाचणी म्हणून भोंगा नुसता वाजवला. अर्धं गाव किटल्या घेऊन रांगेत! किटल्या रिकाम्या.

"अहो, धार काढली नाही का?"

"काढायची हाय अजून. पर भोंगा वाजला ना! नंबर जायला नगं."

एकदा लाईट गेली. भोंगा बंद, अण्णांना पत्ताच नाही. माईकसमोर बसून ओरडले, "जनावरांचे डॉक्टर आल्यात, या लवकर!" पाच मिनिटांत अंगण गुरांनी भरलं. अण्णांनी माझी पाठ थोपटली. "लई भारी केलंस गड्या, आवाज आता कसा क्लिअर येतोय!" मी कशाला बोलतोय?

मग अकोले तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगी नर्स. आधी व्हिडिओ कॉलवर बोलू म्हणाली. नेट फक्त डेअरीत. बापू इस्त्रीचा शर्ट घालून, हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसला. मला म्हणाला, "हे मोडलं तर मी संपलो रे." बोलणं छान रंगलं, आणि हेडफोनचं चार्जिंग संपलं. माझ्या स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं!

गावभर मुलीचा आवाज घुमला, "खरं सांगा, तुमच्या घरात चालतं कुणाचं?"

बापू पांढराफटक. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. मी भोंग्याची वायर उपटायला धावलो, तेवढ्यात धाडकन दार उघडलं. बापूची आई! हात शेणानं भरलेले, धापा टाकत थेट माईकपाशी आलेली.

"माझं चालतं म्हन की! लाजतोस कशाला?"

भोंगा फुल्ल आवाजात म्हणाला, "मला स्थळ पसंत आहे. आता आईंना इथं बसवा, आणि तुम्ही जरा बाहेर थांबा!"