वडखळचं स्टोअर

एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सुट्या भागांचं नियोजन बघायचो. आमची दोन स्टोअर होती, एक पेणला, एक रोह्याला. पेणजवळ डोलवीला मशीन बंद पडलं की लागणारी व्हॉल्व प्लेट नेमकी रोह्यात असायची आणि रोह्याच्या कारखान्याला हवं असलेलं ऑइल सील पेणच्या कपाटात धूळ खात पडलेलं. मेकॅनिक नुसते वाट बघत बसायचे. मी सुचवलं, दोन्ही बंद करू आणि वडखळला हायवेलगत एकच मोठं स्टोअर करू. तिथून गाडी कुठेही झटकन जाते.

ते जमलं. गिऱ्हाइकांचे चिडलेले फोन कमी झाले. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

रोह्याचं स्टोअर सांभाळणारे काका शेजारच्या वरसे गावात राहायचे. पूर्वी दुपारी सायकलने घरी जाऊन जेवून यायचे. आता पहाटेची एसटी पकडून वडखळ, आणि परतेपर्यंत अंधार. त्यांच्या घरी दोघंच. काकूंचे गुडघे धरलेले असतात हे मला ठाऊक होतं. योजना आखताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

एका संध्याकाळी काका घरी पोचले तर काकू मोरीत पडलेल्या. दुपारी पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, आणि हाका मारून मारून आवाज बसलेला.

ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेलो. काकूंनी उशीवरून मान वळवली.

"तुम्हीच ना ते? हे सांगत व्हते, नवीन साहेब लय हुशार हाय म्हणून."

काका चहा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, रोह्याचं स्टोअर मी बंद करायला नको होतं."

"असं कसं साहेब? काम सुधारलंय, दिसतंय की मला. तिचा पाय घसरला, त्याला तुम्ही काय करणार?"

ते मनापासून बोलत होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांकडे गेलो. नेहमी लागणारे पट्टे, फिल्टर, सील एवढं तरी रोह्यात ठेवू, रात्रपाळीतल्या बिघाडाला उपयोगी पडेल, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "एवढंच कारण?" मी हो म्हटलं. खरं कारण सांगितलं तर नकार येईल, अशी भीती होती. त्यांनी एक खोली मंजूर केली आणि काका रोह्याला परतले. दुपारी जेवायला घरी जाऊ लागले. काकू मात्र वॉकरशिवाय पुन्हा कधी चालल्या नाहीत.

काका निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात छोटा कार्यक्रम झाला. काकू रिक्षाने आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. काका बोलायला उठले आणि सगळ्यात आधी त्यांनी माझे आभार मानले.

"साहेबांनी मला परत रोह्याला आणला. नायतर हिची आबाळ झाली असती."

काकूंनी माझ्याकडे बघून हात जोडले. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, आणि मग चहाचं बघतो म्हणून बाहेर पडलो.