समोरच्या फ्लॅटमधलं वेल्स

दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळ्यात नकोसा महिना म्हणजे सप्टेंबर. उकाडा तसाच असायचा आणि त्यात सुट्टीवर गेलेली माणसं परत यायची. आली की आठवड्याभरात चहाचं बोलावणं, चहाबरोबर गावाहून आणलेली भाकरवडी नाहीतर आंबापोळी, आणि कप रिकामा व्हायच्या आत मांडीवर अल्बम. बाकीच्यांचे अल्बम मी हसतमुखाने सोसायचे. कुणाच्या भाच्याची मुंज, कुणी पुण्यात घेतलेला फ्लॅट, फोटोत निम्मी माणसं डोळे मिटलेली. पण माझ्या अगदी समोर राहणारी मैत्रीण अल्बम उघडायची आणि आत वेल्स असायचं.

तिचा दीर तिकडे डॉक्टर होता, समुद्रकाठच्या कुठल्याशा छोट्या गावात. नव्वदच्या दशकातली ही शेवटची वर्षं. तोवर मला इंग्लंड माहीत होतं, स्कॉटलंड ऐकून माहीत होतं. वेल्स मी त्या संध्याकाळी घरी येऊन मुलीच्या शाळेच्या नकाशात शोधलं. अल्बममध्ये हिरव्या टेकडीवर किल्ला होता आणि खाली समुद्र. खेळण्यातली वाटावी अशी वाफेची छोटी गाडी होती. माझ्या मुलीच्याच वर्गात असलेली तिची मुलगी एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. आणि सगळ्यांच्या अंगात स्वेटर. ऑगस्ट महिन्यात स्वेटर! किल्ला मी एक वेळ सहन केला असता, पण तो स्वेटर मला फार झोंबला.

"अगं, रोज एक डे ट्रिप," ती सांगत होती. "सकाळी सँडविचेस पॅक करायची, यल्ला, निघायचं. एक दिवस कॅसल, एक दिवस ट्रेन. आणि एक बेट आहे बघ, तिथे पफिन नावाचे बर्ड्स असतात. इतके गोड! चोच अशी ऑरेंज, रंगवल्यासारखी."

"किती छान गं," मी म्हणाले. घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं तर त्याच्यावरच घसरले. तो बिचारा जबल अलीहून कंपनीच्या बसने दीड तास हलत-डुलत आलेला. त्याच्या कंपनीत घरी जायचं तिकीट दोन वर्षांतून एकदा मिळायचं, आणि ते मुंबईचं. ही काही त्याची चूक नव्हती. तरी मी त्याला आठवडाभर धड बोलू दिलं नाही.

पुढचा उन्हाळा आमचा बिनतिकिटाचा होता. जूनअखेर शाळा सुटली आणि बिल्डिंग मजल्या-मजल्याने रिकामी होऊ लागली. आमच्यात एक रीत होती. जाणाऱ्याने राहणाऱ्याकडे किल्ली द्यायची. राहणाऱ्याने झाडांना पाणी घालायचं, नळ थोडा वेळ वाहू द्यायचे, गाडी अधूनमधून सुरू करायची आणि रोज तासभर एसी लावायचा, नाहीतर बंद घराला कुबट वास धरतो. नाही म्हणायची सोय नसायची, कारण पुढच्या वर्षी तुमची पाळी. समोरचीने मला किल्ली दिली आणि वर म्हणाली, "तुझ्यावर सोडलं की मला टेन्शन नसतं बघ." ती वेल्सला निघाली होती आणि मी तिची तुळस सांभाळणार होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिले चार दिवस मी पाणी घालून, एसी लावून, दार ओढून परत येत होते. पाचव्या दिवशी मुलगी सोबत आली. आठ वर्षांची होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, तिच्या मैत्रिणी सगळ्या इंडियाला, टीव्ही बघून कंटाळलेली. ती सोफ्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "मम्मी, व्हॉट आर दे डुइंग नाऊ इन वेल्स?"

मला ठाऊक होतं ते काय करत असतील ते. टीव्हीखालच्या खणात मैत्रिणीने मागच्या वर्षीची सगळी माहितीपत्रकं जपून ठेवली होती. सप्टेंबरमध्ये तिनेच त्यातली काही मला दाखवली होती. पण तिने दाखवणं वेगळं आणि तिच्या मागे मी खण उघडणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खण उघडला.

सगळी चकचकीत घडीची पत्रकं. मी किल्ल्याचं काढलं आणि मुलीला म्हटलं, "चल, आज आपण जाऊ." सुरुवात रागातूनच झाली होती. तुम्हीच काय ते जाणार का, असा तो राग. पण मुलगी लगेच उठली, घरी धावत जाऊन बूट घालून आली. मग मी पण एसी पार शेवटच्या आकड्यावर नेला. अर्ध्या तासात थंडी वाजायला लागली, तशी तिला गावाकडून आणलेला, दुबईत कधीच अंगावर न चढलेला लाल स्वेटर घातला.

त्यानंतर रोजची सहल ठरली. मी चटणीची सँडविचेस करायची, ती पाण्याची बाटली भरायची. पत्रकात लिहिलेलं सगळं आम्ही काटेकोर पाळायचो. किल्ल्यात साडेचारनंतर आत घेत नाहीत, म्हणून मी तिला दुपारची झोप आवरायला लावली. वाफेच्या गाडीची स्टेशनं क्रमाने तिला पाठ झाली होती, त्यातली दोन नावं आम्हाला दोघींनाही उच्चारता येत नव्हती. दगडाच्या जुन्या खाणीत उतरताना हेल्मेट लागतं, तर आम्ही डोक्यावर माझ्या घरची पातेली घातली. एक दिवस लोकरीच्या गिरणीत गेलो तेव्हा तिथे काय बघायचं ते मलाच कळेना, तरी आम्ही पूर्ण तास काढला. तास झाला की एसी बंद, पत्रक घडीवर घडी घालून होतं तसं खणात, सोफ्यावरचे पावाचे तुकडे पुसून साफ. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदाच कुणाचा हेवा वाटला नाही, म्हणजे निदान रोज एक तास तरी नाही.

मग बेटाचं पत्रक हाती आलं. त्यावर त्या नारिंगी चोचीच्या पक्ष्याचा फोटो होता, आणि कोपऱ्यात माझ्या मैत्रिणीच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलं होतं: 'समुद्र खवळला. बोट रद्द.'

मी ते दोनदा वाचलं. मग अल्बम आठवून पाहिला. पक्ष्याचा एकही फोटो त्यात नव्हता. म्हणजे चोच अशी ऑरेंज वगैरे जे ती मला सांगत होती, ते या कागदावरून! मला इतका आनंद झाला की मी सोफ्यावर बसून एकटीच हसले.

त्या दिवशी आम्ही बेटावर गेलो. समुद्र मी मुद्दाम शांत ठेवला. बोट वेळेवर सुटली, ऊन पडलं, आणि पक्षी आम्ही असे पाहिले की बस! बिळातून बाहेर येणारे, चोचीत ओळीने मासे धरलेले, एक तर मुलीच्या बुटापर्यंत चालत आला. ती टाळ्या पिटत होती. मी पुढच्या आठवड्यात तिला आणखी दोनदा बेटावर नेलं. खाण, गिरणी, किल्ला एकेकदाच. बेट तीनदा, कारण ते समोरचीने पाहिलेलं नव्हतं.

सप्टेंबर आला. मैत्रीण परतली, तुळस टवटवीत पाहून तिने मला मिठी मारली. शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, संध्याकाळी बेल वाजली. दारात तीच. चेहरा ओढलेला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझी मुलगी दुपारपासून रडतेय. क्लासमध्ये हॉलिडेवर एसे लिहायला दिला होता. टीचरने तुझ्या मुलीचा वाचून दाखवला. त्यात वेल्सचं पफिनचं बेट. हिच्या पायाशी पफिन आला म्हणे. आम्ही दोन वर्षं ट्राय करतोय गं. मागच्या वर्षी बोट कॅन्सल, यंदा बेटावर पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला, पक्षी समुद्रात निघून गेलेले. खलास. माझी पोरगी म्हणतेय, तिला दिसले, मला का नाही?" मग तिने विचारलं, "तुम्ही कधी गेलात? मला बोलली पण नाहीस."

एसेचं मला काहीच माहीत नव्हतं. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला फार बरं वाटलं. समोरचीची मुलगी माझ्या मुलीवर जळून रडत होती, आणि समोरचीच्या डोळ्यांत तेच होतं जे वर्षभर माझ्या डोळ्यांत होतं. ती खरंच विचारत होती. तिचा विश्वास बसला होता. मी नुसतं "अगं, अचानकच ठरलं" म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. तिच्या आठ वर्षांच्या पोरीचं रडणं मला तेव्हा ऐकू येत होतं, तिचं दार उघडंच होतं, आणि तरी मी ते वाक्य तोंडात घोळवत उभी राहिले. खण उघडल्याची मला आज लाज वाटत नाही. त्या उभं राहण्याची वाटते.

तेवढ्यात माझी मुलगी आतून धावत आली. आंटीला बघून तिला आनंदच झाला.

"आंटी, वी वेंट फ्रॉम युअर हाऊस!" ती म्हणाली. "मम्मी हॅज द की. वी वेंट एव्हरी डे!"

मैत्रीण माझ्याकडे वळली. मला वाटलं हसेल. मी स्वतः हसायच्या बेतात होते.

"टीव्हीखालचा खण?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने लिहिलेलं मी वाचलं असणार, हे तिला तेव्हाच कळलं. तिचे कान लाल झाले. पक्षी मी पण पाहिले नव्हते आणि तिने पण नाही, आणि दोघींनी ते एकमेकींना दाखवले होते. पण असं काही बोलण्याइतका मोकळेपणा आमच्यात उरला नाही.

"झाडं छान ठेवलीस हं," ती म्हणाली. "किल्ली आहे ना अजून तुझ्याकडे?"

मी आत जाऊन जुडग्यातून किल्ली काढायला लागले. नख तुटलं पण कडं लवकर सुटेना. ती दारात उभी होती. आत ये, असं मी तिला म्हटलं नाही.

बोलणं आमचं बंद झालं नाही. वाटीतून भाजी इकडेतिकडे जात राहिली, गणपतीला दोघी मिळून मोदक केले. त्या सप्टेंबरात चहाही झाला, पण अल्बम निघाला नाही. आपल्यासमोर अल्बम निघाला नाही याचंही मला वाईट वाटावं, असा माझा स्वभाव.

पुढचा जून उजाडला. त्या वर्षी तिकीट आमचं होतं. पलंगावर चार बॅगा उघड्या पडल्या होत्या, दहा दिवसांनी मुंबई. समोरची मंडळी आदल्या दिवशी वेल्सला गेली होती. दुपारी मी दार उघडं ठेवून कपड्यांच्या घड्या घालत होते, तर तिसऱ्या मजल्यावरची बाई जिन्यातून खाली आली. तिच्या हातात ती किल्ली होती. तिने कुलूप उघडलं, आत गेली, आणि थोड्या वेळाने त्या खिडकीतल्या एसीची ओळखीची घरघर सुरू झाली.

मुलगी आमच्या उंबऱ्यात उभी राहून ते ऐकत होती. लाल स्वेटर एव्हाना तिला आखूड झाला होता, तो मी गावी कुणाला तरी द्यायचा म्हणून बाजूला काढला होता.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "इज दॅट आंटी गोइंग टू वेल्स नाऊ?"

मी हो म्हटलं, आणि माझं पोट जे दुखायला लागलं ते पार मुंबईला उतरेपर्यंत दुखत होतं.