लातूरच्या दवाखान्यात विचारलेला प्रश्न

भांड्यांसाठी आणलेला नवा स्पंज भिजवला, की त्याच्या ओल्या वासानं मला लातूरचा तो दवाखाना आठवतो. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती, स्वमग्न. डोक्याला अगदी हलका विद्युतप्रवाह दिला तर अशी मुलं लोकांत मिसळू लागतात का, याचा तिथं अभ्यास चालू होता, म्हणून आम्ही मायलेकी भोकरहून बसनं गेलो होतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज आणि ते डोक्याला बांधायचा रबरी पट्टा टेबलावर तयार होते. मी संमतीपत्रावर सही करणार, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थांबा, आधी तिला विचारू.” मग त्यांनी तिच्याकडं रोखून न बघता सावकाश विचारलं, “तुला मैत्रिणी हव्यात का गं?” लेक खिडकीच्या गजावर बोट फिरवत म्हणाली, “एक हाय की.” मला हे माहीतच नव्हतं. “कोण गं?” मी विचारलं. “वर्गातली. डब्याच्या सुट्टीत आमी चिंचेखाली बसतो.” “काय बोलता?” “बोलत न्हाई. बसतो.” पट्टा लावायचा का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर ती ‘नको’ म्हणाली, आणि मी पेनला टोपण लावलं. त्या उपचारानं काय झालं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिच्या डब्यात दोन दशम्या जास्तीच्या घातल्या.