गेटची बॅटरी

आमच्या घरात यंत्रातलं कळणारा माणूस म्हणजे मी. हे दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगत आलोय. जळालेल्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुष्काळात विहिरीच आटल्या, मग मोटार कोण जाळणार? त्यामुळे घाटनांदूरजवळच्या सोसायटीच्या जनावरांच्या छावणीतून पेंडीची पोती चोरीला जायला लागली, तेव्हा गोदामाच्या गेटला आकड्यांचं कुलूप बसवायचं काम मी अंगावर ओढून घेतलं.

चेअरमनची अट एकच. "लाईट गेली तरी गेट उघडलं न्हाई पायजे."

"न्हाई उघडणार," मी म्हणालो. दिलेला शब्द मी पाळला.

सरकतं लोखंडी गेट, त्याला मोटार, बाहेर बटणांची पाटी, आत बॅटरी. वीज नसताना गेट हातानं सरकवायला मोटारीला एक चावी असते. ती कुणी पळवू नये म्हणून मी आतच, बॅटरीशेजारी खिळ्याला टांगली. शिवाय छावणीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोबाईल चार्ज करता यावेत म्हणून बॅटरीवरूनच बाहेर एक बोर्ड काढून दिला. त्यांची लेकरं-सुना ऊसतोडीला गेलेली. लोकांनी आशीर्वाद दिले, मी घेतले.

माझी आईही तिथंच, वहिनीची गाय सांभाळत. गाय नुसती हाडं, पेंडीच्या पाण्यावर तगलेली. भावाबरोबर कारखान्यावर जाताना वहिनीनं आईला बजावलं होतं, "आत्याबाई, तिला बसून राहू देऊ नका. मंग उठायची न्हाई."

एके दिवशी डीपी जळाला आणि सगळ्या छावणीची वीज गेली. बॅटरी मोबाईलांनी आधीच पिऊन टाकलेली. संध्याकाळचं पेंडीचं वाटप हुकलं. सकाळी मी बटणं दाबत उभा, मागं सगळी छावणी.

"नंबर इसरलास का बे?"

"नंबर बरोबर हाय. करंट न्हाई."

"मग चावी?"

"आत हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पाहणीला साहेब येणार, म्हणून चेअरमन गेट तोडू देईना. दुपारी गाय बसली. तेव्हा आई उठली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "लाव रे साखळी. काय व्हईल ते माझ्यावर." गेट रुळासकट उपटून आलं.

पेंड कालवली, पण गाईनं तोंड लावलं नाही. गेटचाच एक पाईप काढला, तिच्या पोटाखालून पोती घालून त्याला बांधली आणि चौघांनी उचललं. पाय जमिनीला लागले, पण तिनं अंग सावरलं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

हात पुसते तोवर वहिनीचा रोजचा फोन आला. फोन फुल्ल चार्ज होता. आईनं तो माझ्यापुढं केला.

"तू बोल. तुला लई कळतंय यंत्रातलं."

"भावजी? गाय खाती का?"

मी खरं ते सांगितलं. वहिनीनं फोन ठेवला नाही. पलीकडं गाडीत उसाच्या मोळ्या पडल्याचा आवाज येत राहिला.